गोपीची मूठ

समिधाने कडे चढायच्या सामानातल्या निळ्या 'फ्रेंड'चा घोडा दाबला. त्याचे चारही दातेरी गाल आत मिटले. मग तिने तो ट्रकच्या दोन ब्रेक ड्रममधल्या फटीत सरकवला आणि घोडा सोडला. गाल फुलून ड्रमांना टेकले. तिने दोन्ही हातांनी हिसका दिला. ड्रम हलले, फ्रेंड हलला नाही.

"निळे दोन्ही घेते," ती म्हणाली. "बोटांच्या भेगेसाठी दोन बारके, पंजासाठी लाल आणि पिवळा. झालं."

"आणि हे मोठे, करडे?" गोपीनाथने विचारलं.

"ते केवढे जड आहेत, मामा. आणि बाबांच्या वहीप्रमाणे लागत नाहीत."

गोपीनाथने तेलाची कुपी खाली ठेवली. काशीमीऱ्याला, हायवेला लागून त्याचं ब्रेकचं गॅरेज होतं. त्याने ब्रेक लावून दिलेला ट्रक घोडबंदरच्या वळणावर थांबला की मागच्या चार गाड्या नुसत्या लाजेने थांबतात, असं तो गिऱ्हाइकाला सांगत असे. त्याच्या आज्याने म्हणे खाडीत इतका मोठा घोळ मासा धरला होता, की भायंदरचा अख्खा कोळीवाडा तीन दिवस त्याचं एकच शेपूट खात बसला. ऐकणारे हसत, चहा मागवत, आणि कोणी काही मानत नसे. एके काळी गोपीनाथ सह्याद्रीतले सुळके चढायचा, ही एवढीच त्याची खरी गोष्ट, आणि नेमकी तीच लोकांना थाप वाटे.

चढणं सुटून एकोणीस वर्षं झाली होती. पण चढणारी पोरं अजून त्याच्याकडे आपले फ्रेंड धुवायला, स्प्रिंगला तेल घालायला आणत. कड्याच्या भेगेत अडकवायचं हे यंत्र. भेग त्याच्या मापाची असेल, तर चढणारा पडल्यावर ते आणखीच घट्ट धरतं. भेग मोठी निघाली, तर गाल पुरते उघडून बसतात आणि यंत्र नुसतं शोभेला राहतं. विकी नावाचा एक जण कॅनडाला जाताना आपला सगळा संच इथे विकायला ठेवून गेला होता. समिधा त्यातूनच निवडत होती. दोन मोसम ती बोल्ट ठोकलेल्या वाटा चढली होती. स्वतःच्या हाताने फ्रेंड लावत चढायची ही पहिलीच वेळ, आणि त्यासाठी तिने घारमाळचा सुळका धरला होता. त्याच सुळक्यावर तिचा बाप, गोपीनाथचा चढाईतला जोडीदार भूपेश, पडून गेला, तेव्हा ती चार वर्षांची होती.

"रविवारी जाऊ नको," गोपीनाथ म्हणाला. "त्या भेगेत आग्या मोहोळ हाय. मागं एक हेलिकॉप्टर परत फिरवलं होतं त्यांनी."

"कोणी?"

"माश्यांनी."

समिधा हसली. "मागच्या आठवड्यात मी आणि माझ्यासोबत चढणारी हिना दुर्बीण घेऊन दिवसभर खाली बसलो होतो. एक माशी नाही."

"मग बिबट्याने हाकलल्या असतील. तो वरच्या कपारीत झोपतो."

"उभ्या कड्यावर?"

"दोर लावून."

"मामा, हा बिबट्या तुम्ही मला चौथीत सांगितलाय. तेव्हा त्याला चष्मा होता."

गोपीनाथही हसला. आयुष्यभर त्याने थापांचं दुकान चालवलं, आणि आज एक थाप खपायला हवी होती तर गिऱ्हाईक हुशार निघालं. त्याने करडे दोन्ही उचलून गुपचूप तिच्या पिशवीत सोडले. तिने न बघता हात घालून ते बाहेर काढले आणि बाकावर ठेवले.

राहू दिले असते तरी काय, त्याच्या मनात आलं. वर गेल्यावर, पाय थरथरायला लागल्यावर, तिचा हात वहीत लिहिलेल्या रंगाकडेच जाणार.

"वीस वर्षांत भेग रुंदावते, पोरी."

"काळा दगड आहे तो. वीस वर्षांत केसभरही नाही."

"मग मला विकायचेच न्हायत हे."

तिने मान वर केली. "असं का करताय? हिनाच्या ओळखीच्या दुकानात निळे मिळतात. मला वाटलं, तुमच्या हातचे न्यावेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती एकच सांगत आलीय, दगड निसटला, बाबांचं काही चुकलं नाही. मलाही तेवढंच हवंय. बाबांच्या मापाने, बाबांच्या वाटेने वर जाऊन यायचं."

दगड निसटला. ही गोष्ट गोपीनाथनेच जेसल पार्कच्या त्या दोन खोल्यांत, समिधाच्या आईसमोर, वासंतीवहिनीसमोर उभं राहून सांगितली होती. त्याच्या सगळ्या गोष्टींत हीच एक अशी, की जिच्यावर कोणी हसलं नाही. त्या वर्षीपासून वासंतीवहिनी त्याला भाऊबीजेला ओवाळू लागली, आणि पोरीचा काका होता तो मामा झाला.

समिधाने पिशवीतून वही काढली. पाठपुठ्ठा गेलेली, भूपेशच्या तिरक्या अक्षरातली. तिने ती बाकावर उघडी ठेवली आणि बोट फिरवत वाचलं. पहिली भेग, गोपीची दोन बोटं. दुसरी, गोपीचा पंजा. तिसरी, गोपीची मूठ.

"म्हणून तर तुमच्याकडे आले," ती म्हणाली. "दुकानात तुमची मूठ कुठे मिळणार? दाखवा."

खिळ्यावरचं मापायचं व्हर्नियर तिने स्वतःच काढलं. गोपीनाथने मूठ पुढे केली. लोखंडाचे दोन ओठ मुठीच्या दोन्ही बाजूंना टेकले.

"अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. निळा अठ्ठ्याऐंशीपर्यंत उघडतो. व्यवस्थित." तिने व्हर्नियर पुसून खिळ्याला अडकवलं.

याच बाकावर भूपेशनेही असंच केलं होतं. त्याच्याकडे व्हर्नियर नव्हतं, नुसती ही मूठ होती. निळा फ्रेंड तिच्याशी धरून पाहिला, आणि गोपीनाथच म्हणाला होता, बसतोय, भूप्या, घे.

बाहेर एक कंटेनर मागे घेताना किंचाळत होता. समिधाने निळे दोन्ही पिशवीत टाकले आणि चेन ओढली.

"थांब," गोपीनाथ म्हणाला.

ती थांबली. आता मोहोळ नाही, बिबट्या नाही, काही म्हणजे काही सुचेना. त्याने कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगातून एका जुन्या सुती पातळाचा तुकडा ओढला, दातात धरून त्याची लांब पट्टी फाडली, आणि हातावर गुंडाळायला लागला. तळव्यावरून, अंगठ्याखालून, बोटांच्या मुळांवरून, पुन्हा तळव्यावरून. एकोणीस वर्षांनी हात मात्र काही विसरला नव्हता. त्या वेळी चिकटपट्टी परदेशातून कोणी आणली तरच मिळे. कातडी सोलू नये म्हणून ते असंच बांधायचे, आणि बांधलेल्या हातानेच वरून दोरावर लोंबकळत गोपीनाथने एकेक भेग मापली होती. खाली कपारीत बसून भूपेश लिहीत होता.

पट्टीचं टोक त्याने आत खोचलं. मूठ वळली. पुढे केली.

"आता माप."

समिधाने व्हर्नियर पुन्हा काढलं, ओठ लावले, आकडा पाहिला. नीट बसले नसतील म्हणून काढून पुन्हा लावले.

"सत्त्याऐंशी," ती म्हणाली. "निळ्याची अगदी कड. नुसता टेकेल."

तिने चेन उघडली. निळा फ्रेंड काढून घोडा सोडलेल्या अवस्थेत हातात धरला. चारही गाल पुरते पसरलेले होते, वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारखे.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तो पडला त्याच संध्याकाळी. हाताची पट्टी सोडताना."

"दगड?"

गोपीनाथने मान हलवली. "दगड तिथंच हाय. निळा सुटला."

समिधाने निळे दोन्ही बाकावर ठेवले, अगदी हळू, आवाज होऊ न देता. करडे उचलले. एकाचा घोडा दाबून गोपीनाथच्या बांधलेल्या मुठीशी धरून पाहिला, मग दुसऱ्याचा. दोन्ही पिशवीत गेले. खिशातून पेन काढून ती वहीवर वाकली आणि बापाच्या अक्षराशेजारी, 'गोपीची मूठ'च्या पुढे तिने एक शब्द लिहिला. पट्टीसकट.

"आईला तुम्ही सांगाल," ती म्हणाली. "भाऊबीजेच्या आधी."

"सांगीन."

"बिबट्या नको."

"न्हाय."

ती शटरपाशी गेली. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. आतले करडे एकमेकांवर आपटले.

"येते, काका," ती म्हणाली, आणि हायवेच्या धुरळ्यात रिक्षाला हात करत निघून गेली.

गोपीनाथ बाकावर बसला. मूठ अजून वळलेलीच होती. तेवढ्यात कंटेनरचा ड्रायव्हर हात पुसत आत आला. जुनं गिऱ्हाईक. गोपीनाथच्या डाव्या भुवईवरच्या खुणेच्या त्याने आजवर पाच निरनिराळ्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि तो सहावीची वाट पाहत होता. बांधलेला हात दिसताच तो खूश झाला, स्टूल ओढून समोर बसला.

"क्या चाचा, अब की बार किस से भिड़ गए?"

गोपीनाथने पट्टीचं टोक शोधलं.

"कुछ नहीं," तो म्हणाला. "बांधा था. खोल रहा हूँ."