काकींची गोळी

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात दोन गोष्टींना नाही म्हणायची सोय नव्हती. एक मालकाची घाई आणि दुसरी काकींची गोळी.

काकी म्हणजे बटणं लावणाऱ्या बाई. वयाने सगळ्यांत मोठ्या, अंगानेही. कुणाची पाळी आली आणि ती जरा जरी वाकून बसली, की काकींच्या नजरेतून सुटायची नाही. लगेच खणातून पत्र्याचा डबा निघायचा, दुखणं मारायची जालीम गोळी तळहातावर पडायची आणि काकी पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या. "गिळ." ती गिळेपर्यंत शेजारच्या मशिनी थांबायच्या. एकीच्या पोटात दुखलं म्हणून दहाजणी थांबतात, हे दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

हा डबा पहिल्यांदा आणला होता वहिनीने. ती कापड बेतायची. तिची नणंद तिथेच काजं करायची आणि तिच्या हाकेमुळे अख्खा कारखाना हिला वहिनीच म्हणायचा. पुढे डबा काकींच्या ताब्यात गेला तेव्हा वहिनीला बरंच वाटलं होतं. आता मात्र तो उघडल्याचा आवाज आला, की तिच्या हातातली कात्री अडायची.

त्याला कारण होतं नणंदेचं ऑपरेशन. मावशीकडे जाते म्हणून रजा काढून तिने वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. जठर कापून एवढंसं केलं आणि आतडं वर आणून त्याला जोडलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून बजावलं, "पाळीत दुखलं तर ती जालीम गोळी आता कधीच नाही. जोडलंय तिथे जखम होते, रक्त जातं. साधी तापाची गोळी घ्यायची, सांगितली तेवढीच. पोटावर गरम पिशवी. त्याने भागलं नाही तर माझ्याकडे यायचं, दुकानात नाही."

आणि बाहेर आल्याआल्या नणंदेने वहिनीचा हात घट्ट धरला. "वहिनी, कारखान्यात कुणाला कळता कामा नये. जाडी होते तेव्हा हसल्या, आता म्हणतील कापून बारीक झाली."

"मेले तरी सांगणार नाही," वहिनी म्हणाली. वर हौसेने भर घातली, "चालून उतरलं म्हणून सांगू की!"

ही अक्कल वहिनीचीच. नणंद दिसामाशी उतरत गेली आणि कारखान्याचा चालण्यावर विश्वास बसला. काकींनी तर मनावरच घेतलं. गुडघे आधीच कुरकुरत होते, तरी बाई रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारायला लागल्या. कामावर येताना भिंतीला धरून जिना चढायच्या आणि वर नणंदेला म्हणायच्या, "तुझ्यासारखी जिद्द पाहिजे, बाई." वहिनी मान खाली घालून कापडावर खडूच्या रेघा ओढत बसायची.

मधले काही महिने बंद असलेली पाळी परत आली ती पहिल्यापेक्षा दुप्पट दुखणं घेऊनच. नणंद काजाच्या मशीनवर वाकली. काकी पेला घेऊन हजर. आता नको म्हणावं तर 'का?' आलंच. इतकी वर्षं खाल्ली, आजच काय झालं? नणंदेने गोळी गिळली. वहिनी कापड बेतत होती. तिला दिसलं, कळलं, आणि तरीही ती बेततच राहिली.

घरी जाताना नणंद म्हणाली, "एका गोळीने काय होतंय?"

"हो ना," वहिनी म्हणाली. म्हणता म्हणताच तिला स्वतःची लाज वाटली.

एकीच्या दोन झाल्या, मग दर पाळीला ठरूनच गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी वहिनीची गत झाली. बोलावं तर शब्द मोडतो, न बोलावं तर पोर आतून पोळते. शेवटी तिने एक शहाणपणा केला. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप डब्यातल्या जालीम गोळ्या काढल्या आणि साध्या तापाच्या भरल्या. त्या महिन्यात कारखाना नुसता कण्हत होता. "हल्ली औषधातही भेसळ," म्हणून काकींनी सगळ्या गोळ्या मालकाच्या डोकेदुखीसाठी पाठवून दिल्या आणि स्वतः जाऊन आणखी जालीम घेऊन आल्या. वहिनीच्या शहाणपणाचा एवढाच उपयोग झाला.

पुढे नणंदेचं जेवण सुटलं. दोन घास पोटात गेले की छातीखाली हात दाबून बसायची. रात्री उठून ओकायची. एकदा न्हाणीघरातून बाहेर आली ती पांढरीफटक. म्हणाली, शौचाला काळं डांबरासारखं होतंय.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"उद्या माल जायचाय. तो गेला की जाऊ."

आणि वहिनीने ऐकलं. स्वतःच्या मुलाला नुसती शिंक आली तरी त्याला ओढत नेणारी ही बाई, पण इथे तिने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मालाच्या ऐन घाईत नणंद पोट धरून खाली बसली. पाळीही त्याच दिवशी यायची होती. काकी डबा घेऊन आल्या. "एकीने भागत नाही हल्ली हिचं," असं म्हणत त्यांनी तिच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. मशिनी थांबल्या. "गिळ."

वहिनीने टेबलावरून झेप घेतली आणि तिच्या हाताला फटका मारला. गोळ्या कुठल्या कुठे उडाल्या.

"नका देऊ! तिचं ऑपरेशन झालंय पोटाचं! ही गोळी विष आहे तिला, विष!"

काकींना समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे... चालून नाही?" त्यांनी विचारलं.

काकी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. मग पेला खाली ठेवून त्यांनीच नणंदेच्या काखेत हात घातला. "शिव्या मागाहून घालीन. आधी रिक्षा बघा कुणीतरी."

दवाखान्यात तोंडातून नळी घालून बघितलं. जोडलेल्या जागी जखम होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. ते थांबवलं, रक्ताची बाटली लावली. औषधाने भरून येईल, पण आणखी उशीर केला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाळीच्या दुखण्यावरही वेगळा उपाय निघेल, त्यासाठी बायकांच्या डॉक्टरांकडे पाठवते म्हणाल्या. मग त्यांनी वहिनीकडे बघून विचारलं, "तुम्ही होतात ना त्या दिवशी?" वहिनीने नुसती मान हलवली.

नणंदेला जाग आली तेव्हा वहिनी शेजारच्या स्टुलावर बसून होती. सगळा वेळ ती मनाशी एकच वाक्य घोळवत होती. ते तिने एका दमात म्हणून टाकलं.

"माफ कर मला. शब्द दिला होता आणि चारचौघींत मोडला. तू आता कुठल्या तोंडाने कामावर जाणार?"

नणंद छताकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "मला तोंड उघडता येत नव्हतं गं. लाज वाटायची. पण दर वेळी काकी पेला घेऊन आल्या की वाटायचं, आज वहिनी बोलेल."

वहिनीने तिच्या पायांवरचं पांघरूण उगाच सारखं केलं.

"दर वेळी," नणंद म्हणाली, आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.