पचनसंस्थेचा तक्ता

"कुणी फाडला हा?"

वनिताबाईंनी तक्त्यावर पट्टी आपटली तशी सहावीच्या बेचाळीस मुलांनी एकदम रुचिकाकडे बघितलं. त्या भिंतीलगत बसणारी तीच.

"मी न्हाय फाडला, बाई," रुचिका उभी राहून म्हणाली. "आल्यापासून असाच हाय."

तक्ता पचनसंस्थेचा होता, बाईंनी एक अख्खा रविवार घालवून रंगवलेला. तपासणीला साहेब येणार म्हणून मुख्याध्यापक केसरीनाथ सरांनी फर्मान काढलं होतं की भिंती सजवा, आणि खांबाजवळची ती भेग तर आधी झाका. बाईंनी शेजारच्या कारखान्यातून सुताला लावायची खळ मागून आणली आणि चांगली चोपडून तक्ता भेगेवर डकवला. शिपाई हिरामण तेव्हा म्हणालाही होता, भिंत पडेल पण हा कागद निघायचा नाही. सगळे हसले होते. आता तो तक्ता गळ्यापासून पोटापर्यंत उभा चिरला होता, आणि साहेबांची तपासणी उद्यावर आली होती. बाईंचं डोकं फिरलं. खरं बोलेपर्यंत तिथेच भिंतीला पाठ लावून उभी राहा, असं त्यांनी रुचिकाला बजावलं.

शाळेच्या मागे यंत्रमागांच्या शेडची रांग होती. दिवसभर बाकं थरथरत, खिडक्यांची तावदानं वाजत, आणि शिकवणाऱ्याचा आवाज जन्माचा चढा होऊन जाई. भेगेबद्दल कुणी काही म्हटलं की केसरीनाथ सरांचं उत्तर ठरलेलं असे, लूमचा हादरा आहे हो, चाळीस वर्षं बसतोय. बाईंनाही ते पटलेलं होतं. त्या ह्याच यंत्रमागांच्या वस्तीत, नारपोलीत वाढल्या होत्या. त्यांच्या घरात मांडणीवरचे पेले रात्रंदिवस किणकिणत, आणि त्याला भ्यायचं असतं हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली.

मागचे लूम एकेक करून थांबले. एरवी पंखा बंद पडला की वर्ग ओरडतो. आज मुलं बाईंच्या रागाला भिऊन गप्प होती, म्हणून तो आवाज सगळ्यांनी ऐकला. तक्त्यामागे काहीतरी सरसर गळत होतं. मग बोटं मोडावीत तसा एक आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक.

"बाई," रुचिका मान वळवून म्हणाली, "भिंतीमधून रेती पडते."

बाई जवळ गेल्या. कागदाला कुठे बोटाचा डाग नव्हता, कुठे ओढल्याची सुरकुती नव्हती. दोन्ही भाग भिंतीला घट्ट चिकटलेले होते, फक्त एकमेकांपासून दूर सरकले होते. काल तिथे नख शिरलं नसतं. आज खडू आत गेला असता. बाईंनी रुचिकाचा दंड धरून तिला मागे ओढलं. ह्या पोरीला आपणच इथे उभं केलं होतं.

एकटीने पळत सुटावं असं त्यांना वाटलं. खरंच वाटलं, आणि त्याची लाज पुढे बरेच दिवस त्यांना पुरणार होती. पण ओरडलं तर बेचाळीस मुलं एकदम धावली असती, आणि वरच्या मजल्यावरून खाली जायचा एकुलता जिना ह्याच खांबाला धरून उतरत होता. लाइट आली की लूमही पुन्हा चालू होणार होते. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बूट हातात घ्यायचे, एकेक रांग उतरायची, आवाज केला तो बाद. मुलांना खेळ वाटला. ती हसू दाबत निघाली. बाई दारात उभ्या राहून मोजत होत्या आणि मधेच आकडा चुकत होता. शेवटचं मूल उतरल्यावर त्यांनीही चपला हातात घेतल्या आणि जिन्यावर पाऊल टाकलं.

पटांगणात केसरीनाथ सर तरातरा आले. त्यांनी बाईंना चांगलंच फैलावर घेतलं. महिन्यापूर्वी रंग काढलाय, भेग बघायला इंजिनिअरला पत्र गेलंय, रस्त्यावरून पालक बघतायत, उद्या शाळेला कुलूप लागलं तर ही पोरं कुठे जाणार, असं बरंच काही.

"सर, माझा हजेरीपट वर राहिलाय," त्या म्हणाल्या. "तेवढा आणून देता?"

सर तावातावाने जिन्याकडे गेले आणि तीन पायऱ्या चढलेही. त्याच वेळी लाइट आली. मागच्या शेडमध्ये धडधड सुरू झाली, आणि जिन्याच्या छतातून तळहाताएवढा गिलावा सुटून चौथ्या पायरीवर फुटला. सर उलटे खाली उतरले.

वरून हसण्याचा आवाज आला. सहावीची पोरं बूट हातात घेऊन उभी आहेत हे बघायला नववीचा वर्ग खिडक्यांतून ओणवला होता. त्यांचे गुरुजी आज रजेवर होते. वरच्या मजल्यावर हे दोनच वर्ग भरत, खालचे वर्ग दुपारपाळीचे होते.

हिरामणने घड्याळ बघितलं, कोपऱ्यातली हातोडी उचलली आणि मधल्या सुट्टीच्या टोलाकडे निघाला. टोल पडला की नववी जिन्यावरून कशी उतरते, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

सरांना ओरडून चालणार नव्हतं, नाहीतर नववीच धावत सुटली असती. ते जवळजवळ धावतच गेले आणि हिरामणचा उचललेला हात त्यांनी हवेतच धरला. हातोडी काढून घेतली. परत आले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मुलांना काय सांगितलंत तुम्ही? उतरवताना?"

"आवाज केला तो बाद. एवढंच."

सरांनी मान हलवली. हातोडी बाईंच्या हातात दिली, कठड्याला न धरता ते पायऱ्या चढू लागले आणि वळणावर दिसेनासे झाले.

वनिताबाईंनी हातोडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. वर खिडक्यांत मुलं अजून हसत होती.