आधी मोडलं, मग पडले

"गाऊनमध्ये पाय अडकून पडल्या," डॉक्टर बोलत होते आणि लिहीतही होते.

"पाय अडकला नाही," मी म्हटलं. "आधी मांडीतलं हाड मोडलं. मग मी पडले."

"आजी, पडल्यावर हाड मोडतं. मोडून कुणी पडत नाही."

मांडी माझी, गाऊन माझा, आणि अक्कल हे शिकवणार! चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवते. तो गाऊनही मीच शिवलेला, घोट्याला टेकतसुद्धा नव्हता. कापड बेतायच्या टेबलाशी उभी होते. खडू घ्यायला वळले, तोच आत कट्‌ असा आवाज झाला आणि टेबल माझ्या डोळ्यांसमोरून वर गेलं. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी लिहिलं ते लिहिलंच.

कारण उघड होतं. चार वर्षं मी त्यांच्या फ्लोराइडच्या गोळ्या घेत होते. तुमची हाडं आतून विरत चालली आहेत, या गोळ्यांनी भरून येतील, असं सांगून त्यांनी आम्हा काही बायकांना त्या सुरू केल्या होत्या. पोटात आग पडायची, टाचा ठणकायच्या. टाचांपुढे त्यांनी 'वयोमान' लिहिलं. पण हाडं मोजायच्या मशीनवर मणक्यांची घनता दरवर्षी वाढत गेली, आणि माझा चढता आलेख त्यांनी तपासणीच्या खोलीत भिंतीवर लावला. आता त्याच भिंतीवरची बाई उभ्या उभ्या मोडली, हे लिहायला त्यांचा हात कसा धजेल?

"डॉक्टर, कापडाला खळ घातली की ते जाड लागतं, कडक होतं," मी म्हटलं. "पण घडीवर तेच आधी तडकतं. जाड म्हणजे मजबूत नव्हे."

"हाड म्हणजे कापड नाही," ते हसले आणि फाईल मिटून गेले.

संध्याकाळी धाकटी जाऊ आली. घरात खाली मी, वर ती. पण अकरा वर्षं आम्ही बोललो असलो तर भांडायलाच. मी माहेरी गेलेली असताना तिने माझं जुनं शिलाई मशीन भंगारात घातलं, तेव्हापासून. कपड्यांची पिशवी तिने माझ्या पायाशी आदळली.

"सोमवारपासून मलाही त्या गोळ्या देणार आहेत," ती म्हणाली.

"घेऊ नकोस. माझं काय झालंय बघतेस ना?"

"तुम्ही पडलात, जाऊबाई. फाईलमध्ये लिहिलंय. नर्सने सांगितलं."

"ते खोटं आहे."

"डॉक्टर खोटे, फाईल खोटी, तुम्ही तेवढ्या खऱ्या! तुमची हाडं भिंतीवर मिरवतात, माझी सुधारणार म्हटल्यावर लगेच पोटात दुखायला लागलं. माझं चांगलं तुम्हाला कधी बघवलंय?"

नव्हतंच बघवलं. म्हणूनच माझ्या तोंडचं ती ऐकणार नव्हती. कागदावर असतं तर ऐकलं असतं. मला तिचा राग होता, अजूनही आहे, पण ही वेळ तिच्यावर यावी असं मला वाटत नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी सही मागितली. मी पेन घेतलं, 'गाऊनमध्ये पाय अडकून' यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: उभी असताना मोडलं, मग पडले. डॉक्टर लालबुंद झाले. "खाडाखोडीचा कागद चालत नाही," म्हणत त्यांनी तो फाडला आणि दुसरा आणला. त्यावर तेच वाक्य होतं. मी सही केली नाही. माझ्या सहीवाचून त्यांचं काही अडलंही नाही.

जाऊने गोळ्या सुरू केल्या. सहा महिन्यांनी एकदा ती जिन्यात दिसली, एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने टाच चोळत होती.

"टाच दुखते का गं?" मी विचारलं.

"वयोमान," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

त्या दुपारी मी काठी टेकत अंगणातल्या दोरीपाशी गेले. तिचे वाळत घातलेले तिन्ही गाऊन ओढून आणले आणि एकेक करून खालून वीतभर कापले. दुमड घातली, दुहेरी टीप मारली. तिसरा मशीनवर असतानाच ती ओरडत खाली आली.

"काय केलंत हे! पोटऱ्या दिसतील माझ्या! वेड लागलंय का तुम्हाला?"

"दिसू देत," मी दोरा तोडला. "तुझा पाय अडकला असं आता कुणाला लिहिता येणार नाही."