गाळणीतला वारा

"बाई, एवढं ध्यानात ठेवा. टाकी कोरडी पडू द्यायची नाही. एकदा आत हवा शिरली, की टाकी तोंडोतोंड भरलीत तरी हे जनावर उपाशीच राहणार."

मुंबईहून इंजिन बसवायला आलेला फिटर हे मला सांगत होता, कारण त्या वेळी ओटीवर मी एकटीच होते. खांद्यावर माझी तान्ही शकू. दूध पिऊन झालं होतं आणि ढेकर काही केल्या निघत नव्हती. "ते काळूरामला सांगा," म्हणून मी तिच्या पाठीवर थोपटत आत गेले. इंजिनाचं पथ्यपाणी मी कशाला सांभाळू? मला एका जिवाचंच पुरे झालं होतं.

काळूराम आमचा रहाट हाकणारा. श्रीवर्धनात समुद्राच्या अंगाला आमची पोफळीची वाडी. तिथल्या विहिरीवर त्यानं जन्मभर रेड्यामागून गोल गोल फेऱ्या घातल्या. बायको गेली, मूलबाळ नाही. गोठ्यात रेड्याशेजारीच निजायचा. छत्तीस सालच्या उन्हाळ्याआधी माझ्या सासऱ्यांनी, दादांनी, आगबोटीतून डिझेल इंजिन आणलं. रेडा म्हसळ्याकडच्या एका शेतकऱ्याकडे गेला, रहाटाची माळ उतरली, गोठ्याची इंजिनखोली झाली. फिटरनं काळूरामला हँडल मारायला, तेल भरायला शिकवलं आणि रहाटवाल्याचा इंजिनवाला झाला.

ऐन वैशाखात इंजिन बंद पडलं.

सकाळी सुरू झालं, थोडे ठोके बरे पडले, मग म्हाताऱ्याला ठसका लागावा तसं झालं आणि गप्प. दादा पंचा खांद्यावर टाकून धावले. मागोमाग शकूला काखेत मारून मी.

"काळू, तेल आहे का मेल्या?"

"हाय की दादा. आताच डबा वतला. पार गळ्यापातुर हाय."

"मग चालत का नाही?"

"त्याला इचारा. रेडा अडला तर मी डोळ्यांत बघून वळखायचा, पोट दुखतंय का खूर दुखतोय ते. ह्याला डोळंच न्हायत."

"रेडा, रेडा! तूच काहीतरी करून ठेवलंयस. हे बंद पडलं म्हणजे रेडा परत येईल, असं वाटतंय ना तुला?"

काळूरामनं पुन्हा हँडलला हात घातला. मारून मारून तळहात सोलले, तरी इंजिन नुसतं फुसफुसत होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. आमची जमीन रेतीची, पाणी धरून ठेवत नाही. पोफळीची मुळं वरवर पसरलेली. मोठी झाडं कशीबशी तग धरतात, पण आदल्या पावसात लावलेली रोपं माना टाकायला लागली. घरातल्या बाया, मीसुद्धा, कळशीनं पाणी घालत होतो. शकू रात्रभर रडायची, दिवसा ही कळशी. पाठ धरली होती, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. एका आळ्यात पाणी ओतून वळेपर्यंत ते जिरलेलं असायचं.

दुपारी पानावर बसता बसता दादांनी जाहीर केलं, "उद्याच्या बोटीनं मुंबईला निरोप पाठवतो. फिटर येईल आणि येताना इंजिन चालवणारा माणूसही आणील. काळूनं आपलं चंबूगबाळं उचलावं."

"आणि जाईल कुठे तो?" सासूबाईंनी भात वाढता वाढता विचारलं.

"भाऊ आहे ना त्याचा हरिहरेश्वराला."

"भाऊ गेला त्याचा. तुम्हीच गेला होतात ना समाचाराला?"

दादांनी भात कालवला. "मग मी काय वाडी वाळू देऊ?"

इंजिनातलं कळणारं घरात कोण होतं? हे मुंबईला शाळेत मास्तर, सुट्टीला अजून अवकाश. मी इंग्रजी कवितेवर बी. ए. झालेली, माझ्या शिक्षणाचा या घरात उपयोग म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचणं.

जेवणं उरकून शकूला घेऊन माजघरात आडवी झाले, तर वास आला. डिझेलचा. आधी वाटलं, माझ्याच अंगाला येतोय. मग दाराच्या चौकटीकडे लक्ष गेलं. काळीभोर, तुकतुकीत. वरची तुळईही तशीच.

"आई, चौकटीला काय लावलंत?"

"वाळवीचं औषध. पाऊस लागायच्या आत लावलेलं बरं. इंजिनाच्या तेलानं म्हणे वाळवी जवळ फिरकत नाही."

"तेल कुठून घेतलंत?"

"कुठून म्हणजे? इंजिनखोलीतून. त्या गाळणीखाली तोटी आहे ना, ती सोडली. टाकीत होतं ते सगळं निथळून घेतलं. तळाशी ठेवून काय करायचं? परवा, काळू बाजारात गेला होता तेव्हा." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "अगो, एवढ्याशा तेलानं काय इंजिन मरतं होय?"

मी उठून बसले. फिटरचं बोलणं शब्दन् शब्द कानात उभं राहिलं. काळूरामनं नंतर टाकी भरली होती खरी, पण गाळणी आणि नळ्या तोवर रित्या झाल्या होत्या.

इंजिनखोलीत काळूराम गाठोडं बांधून बसला होता. एक धोतर, एक कांबळं आणि रेड्याच्या गळ्यातली घंटा.

"वयनी, पोरीला घेऊन कशापाय आलाव? वास लागंल तिला."

मी त्याला तेलाचं सांगितलं. त्यानं मान हलवली. "म्हंजे वारा शिरला. त्याच्यावं विलाज फिटरनं दावला हुता, गाळणीवरचा स्क्रू सोडायचा. काल सोडला की मी. तेल आलं तसा आवळला."

"लगेच आवळलात?"

"दादा वरडले ना! तेल सांडतंय, तेल सांडतंय म्हून."

तिथंच घोडं अडलं होतं. तेल दाबून दबत नाही, ते पुढे सरकतं. हवा मात्र दबते आणि पुन्हा फुगते. तेल फवारणारा पंप कितीही जोर लावो, तो सगळा त्या हवेतच जिरतो, पिचकारीत वारा राहिला की धार न येता ती नुसती थुंकते तसा.

"आज ओरडलं कुणी तरी आवळायचं नाही," मी म्हटलं. "हिची अर्धी ढेकर काढून निजवलं की रात्रभर रडते. मला विचारा."

काळूराम हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

गाळणीखाली मोठी वाटी धरली. त्यानं पान्यानं वरचा स्क्रू सैल केला. आधी सुस्कारा, मग फेस. बुडबुडे खदखदत वर येत होते, तेल ओघळत होतं. त्याचा हात आपोआप पान्याकडे गेला.

"थांबा."

"वयनी, जातंय ना वाया!"

"जाऊ दे."

फेस विरळ झाला. मग एकेकटा बुडबुडा. मग नितळ तेल, न तुटता. "आता. वाहतंय तोवरच आवळा." त्यानं आवळला. मग पंपावरचा स्क्रू, तीच तऱ्हा. शेवटी इंजिनाच्या डोक्याकडे जाणाऱ्या बारीक नळीचा नट ढिला करून त्यानं हँडल फिरवलं. नळी थुंकली. पुन्हा थुंकली. आणि मग टप्पकन स्वच्छ तेल उडालं. नट आवळला, काळूरामनं सोललेल्या हातांवर थुंकून हँडल मारलं, आणि खोली हादरली. ढग् ढग् ढग्. शकू दचकून रडायला लागली. विहिरीवरच्या डोणीत पाणी पडलं.

दादा दारात येऊन उभे राहिले. आधी त्यांनी वाटी पाहिली. "एवढं तेल सांडलंत?"

"सांडलं कुठे? वाटीत आहे," त्यांच्या मागून सासूबाई म्हणाल्या. "द्या इकडे, मागलं दार राहिलंय माझं. आणि ऐका, टाकी मी रिकामी केली होती. काळूनं नाही."

दादांनी वाटी उचलून सासूबाईंच्या हातात दिली. मग म्हणाले, "काळू, पाट आधी रोपांकडे फोड."

तेवढंच. काळूरामनं गाठोडं सोडलं आणि घंटा परत खुंटीला लावली. रोपं निम्मी जगली.

पण त्या दिवसापासून तो टाकीजवळून हलेना. इंजिन चालू असलं की दाराला आतून कडी. नळकांड्याचा धूर बाहेर जातो म्हणतात, पण सांध्यातून आतही येतो. भिंती काळ्या झाल्या आहेत. मी दार उघडं ठेवा म्हणून कितीदा सांगितलं.

"उघडं ठेवलं की कोनतरी डबा घिऊन येतंय, वयनी. मंग परत आळ माज्यावं."

आवाजानं त्याचे कान गेले, खोकला लागला. आता आम्ही मुंबईला यांच्याकडे बिऱ्हाड केलंय. घरच्या पत्रांत पोफळीचं असतं, पाण्याचं असतं, काळूरामचं नसतं.

तुमच्यापैकी कुणी श्रीवर्धनास गेलात, हरिहरेश्वराच्या दर्शनाला जाताना वाट जरा वाकडी केलीत, तर आमच्या वाडीत डोकावा. इंजिनाचा आवाज येत असेल तिकडे जा. हाक मारू नका, ऐकू जायची नाही. दारावर जोरानं थापा मारा, हादरा त्याला कळतो. त्यानं दार उघडलं की आधी सांगा, तेल मागायला आलो नाही. आणि मग काहीतरी बोलत तिथेच उंबऱ्यावर बसा, म्हणजे त्याला दार लावता येणार नाही.