आभाळातून पडलेला पत्रा

कानावरची लोकरी टोपी वर सरकवून लुकेर्या दलदलीच्या काठावर उभी होती. प्लेसेत्स्कच्या तळावरून उडालेलं रॉकेट नुकतंच ढगांत शिरलं होतं. त्याच्या टोकाला वाट दाखवणारा उपग्रह होता. तो आता दिवसातून दोनदा पृथ्वीला प्रदक्षिणा घालणार आणि साऱ्या जगाला रस्ते सांगणार. रॉकेटची रिकामी नळकांडी मात्र इथे, मेझेन नदीकाठच्या गोठलेल्या दलदलीत पडतात. ती नेमकी कुठे पडली, हे उपग्रह सांगत नाही. त्याला कान लागतो.

धप्प!

"तळ्यापलीकडे," असं स्वतःशीच म्हणत लुकेर्याने बर्फगाडी चालू केली. उड्डाणाच्या दिवशी दलदलीत फिरकू नये, अशी सूचना सरकार आधीच लावतं. त्यामुळे कधी जायचं ते सगळ्यांना नीट कळतं.

त्या नळकांड्यांच्या हलक्या पत्र्याची बोट माणसापेक्षा जास्त टिकते. तिच्या नवऱ्याच्या, वस्सियानच्या बोटींचं तर नदीकाठी नाव होतं. वस्सियान गेल्या पानगळीत गेला. आता लुकेर्याला स्वतःची बोट बांधायची होती, आणि ती 'लुकेर्याची' म्हणवून घ्यायची होती.

तळ्याला वळसा घालून ती पोचली, तोवर शेजारचा झोसिम नळकांड्यावर बसून चहा पीत होता. पत्र्यावर कुऱ्हाडीने त्याच्या घराण्याची खूण कोरून झाली होती. म्हणजे माल त्याचा.

"ये सावेल्येव्हना, चहा घे," त्याने तिला वडिलांच्या नावाने हाक मारली. "तुला कशाला हवा पत्रा? कोंबड्यांना छप्पर घालतेस?"

"बोट बांधतेय."

"कोण बांधणार?"

"मी."

झोसिमला इतकं हसू आलं की चहा दाढीवर सांडला. तिने त्याला मनसोक्त हसू दिलं.

"तुझी मागची बोट कुठाय रे?"

"नदीत."

"वर की खाली?"

झोसिम दाढी पुसू लागला.

"वस्सियान बाहेरून सांध्यांत रिबीट ठोकायचा, तेव्हा नळकांड्यात आडवी पडून आतून ठोक्याखाली लोखंड कोण धरायचं?" ती म्हणाली. "उभा जन्म कानठळ्या बसवून घेतल्या मी. गळती कुठून होते ते मला कळतं."

"मग माझ्याकडे ये की. आतून धर. हिवाळाभर मासे पुरवतो."

"मासे मला धरता येतात. पत्रा तुझा, ठोकणार तू, आतून धरणार मी, बोट दोघांनी वापरायची. पण म्हणायची लुकेर्याची."

"अगं, गाव मला हसेल!"

"तू ओलाचिंब होऊन पोहत आलास, तेव्हा काय रडलं होतं?"

झोसिमने उरलेला चहा बर्फावर ओतला. "वस्सियान तुला कसा सांभाळायचा कोण जाणे."

"सांभाळायचा," लुकेर्या म्हणाली. "पण 'आमची बोट' असं कधी चुकूनसुद्धा म्हणाला नाही." एवढं बोलून तिने दोराचं टोक त्याच्या हातात दिलं. "ओढ आता."

बर्फ वाहून गेल्यावर बोट पाण्यात उतरली. लांबुडकी, चंदेरी, मधोमध सरकारी रंगाचा उरलेला पट्टा. झोसिम पुढे बसला होता, लुकेर्या मागे. काठावरून पोस्टमनने हाक मारली.

"कोणाची रे बोट?"

झोसिमने आधी नदीच्या दोन्ही काठांकडे पाहून घेतलं.

"लुकेर्याची," तो पुटपुटला. पण पोस्टमन कानाने अधू होता. हात कानामागे धरून त्याने पुन्हा विचारलं.

"लुकेर्याचीऽऽ!" झोसिम ओरडला. त्या आवाजाने काठावरची बदकं उडाली.

हातमोजा काढून लुकेर्याने बोटीच्या तळाला तळहात लावून पाहिला. कोरडा होता. तिने हातमोजा पुन्हा चढवला आणि वल्हं उचललं.