उष्टी नळी

पुठ्ठ्याच्या नळीत कुणी जोरात फुंकले की तिच्या आतल्या कडेला थुंकीचा एक थेंब उरतो. तो लवकर सुकतो. मात्र तिथला पुठ्ठा किंचित फुगतो आणि पिवळा पडतो. हे मला फार जवळून दिसते, कारण ती नळी माझ्याच तोंडात खोचलेली असते. मित्रांनो, मी श्वासाचा जोर मोजणारे एक जुने यंत्र आहे. प्लॅस्टिकचा नळा, त्यावर आकडे आणि सरकणारा काटा, एवढाच माझा देह.

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात मी १९९६ साली आले. जुनाट खोकल्यामागे दमा आहे का, हे ओळखायला माझा काटा मदत करी, म्हणून डॉक्टरीणबाई मला जपत. तंबाखूच्या तोंडांची मला शिसारी येई, तरी मी ती सोसली. पण शेखर कंपाउंडर वापरलेल्या नळ्या खिडकीत वाळवून पुन्हा लावी. वाळली म्हणजे स्वच्छ झाली, असे त्याला वाटे. मित्रांनो, असे कधी करू नका. नळी ज्याची त्याला नवीच द्या.

एका उन्हाळ्यात विंचूरहून बयाबाई आली. ती कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडायची आणि तीन वर्षे खोकत होती. थुंकीत काही सापडले नव्हते, छातीचा फोटोही स्वच्छ होता. तरी घरात सगळ्यांनी क्षयच धरला होता. तिचे ताट आणि पेला मोरीपाशी वेगळे ठेवले होते, आणि तिच्या लहानग्या लेकीला, मीनाला, सायखेड्याला मामाकडे धाडले होते. सोबत आलेली सासू भागीबाई नाकाला पदर लावूनच बसली.

शेखरने खिडकीतली एक नळी उचलली. बयाबाईने तिची पिवळी कड पाहिली.

"घरी माझा पेला वेगळा, अन् इथं दुसऱ्याची उष्टी नळी?"

"हिला नवी कशाला?" भागीबाई म्हणाली. "हिच्यानंतर फेकायचीच हाय ना?"

डॉक्टरीणबाई उठल्या. खिडकीतल्या सगळ्या नळ्या त्यांनी स्वतः कचऱ्यात टाकल्या आणि नवी लावली.

बयाबाईने चुलीत फुंकणी फुंकावी तशी हळू, लांब फुंकर घातली. काटा जेमतेम हलला. छाती भरून घ्या आणि एकदम सोडा, असे बाईंनी समजावले. मग काटा थोडा चढला. औषधाचा फवारा ओढून, जरा थांबून तिने पुन्हा फुंकले, तेव्हा तो कितीतरी पुढे गेला.

हा दमा आहे, बाईंनी सांगितले. कांद्याच्या धुळीने तो वाढत असणार. औषध रोज घ्यायचे, धुळीपासून लांब राहायचे. आणि दमा एकाचा दुसऱ्याला होत नाही.

भागीबाईचा पदर खाली आला नाही. आधी खोकला थांबू दे, पोरीचे दिवाळीनंतर बघू, असे ती पदराआडूनच म्हणाली. थुंकीच्या डागाची आली नसेल एवढी किळस मला त्या पदराची आली.

बयाबाईने ओठ पुसले.

"आत्याबाई, मी विंचूरच्या गाडीत बसत नाय. सायखेड्याला जाते. मीनाला घेऊनच घरी येईन, अन् आजपासून ती माझ्यापाशी निजंल."