गाठीची उपासमार

धाकटीने आयुष्याची अकरा वर्षं कॅन्सरच्या पेशींना उपाशी मारण्यात घालवली होती. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी वाढवायच्या, त्यांच्या खुराकातलं एकेक पोषक द्रव्य काढून घ्यायचं आणि त्या कशा माना टाकतात ते बघायचं, हे तिचं काम. बशीतल्या पेशी बिचाऱ्या गुणी. त्यांना बाहेर दुसरीकडे कुठे खायची सोयच नसते.

ताईच्या पोटात गाठ निघाली आणि सगळं घर धाकटीच्या तोंडाकडे बघू लागलं. घरचीच तज्ज्ञ! धाकटीलाही चढायला तेवढं पुरलं. जेवणाच्या टेबलावर तिने ठणकावून सांगितलं, "गाठ नुसती खादाड असते. तिचं खाणं तोडलं की खेळ खलास." हे बशीतलं आहे, माणसातलं नाही, एवढंच सांगायचं राहिलं.

भावोजी कारखान्यात तपासनीस होते. नियम पाळण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. ताईची साखर गेली, भात गेला, फळं गेली, शेवटी दूधही गेलं. धाकटी फोनवर विचारायची, "पथ्य नीट चाललंय ना?"

"अगदी तू सांगितलंस तसं," भावोजी म्हणायचे, आणि बाईसाहेब निश्चिंत मनाने बशीकडे वळायच्या.

केमोच्या तिसऱ्या डोसच्या दिवशी धाकटी मुद्दाम बरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी ताईचं वजन केलं आणि फाईल मिटली.

"नऊ किलो उतरलंय. आज डोस देता येणार नाही, झेपणारच नाही यांना."

"आणि गाठ?" भावोजींनी मोठ्या आशेने विचारलं.

"गाठ मजेत आहे. बाहेरून नाही मिळालं तर ती यांच्या अंगातून ओढून घेते. उपाशी फक्त या राहिल्या."

धाकटीला हे ठाऊक होतं. तिच्याच प्रबंधात त्यावर अख्खं प्रकरण होतं. पण टेबलावर ते सांगितलं असतं तर रुबाब कमी झाला असता. तिला स्वतःची किळस आली.

"भावोजी, चूक माझी आहे," ती म्हणाली.

"ती भात मागायची गं," भावोजी म्हणाले. "मी ताट उचलून न्यायचो."

धाकटी कँटीनमधून भात घेऊन धावत आली. ताईने घाईघाईने दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच राहिला.

"हे गाठीलाही मिळेल ना गं?"

"मिळेल," धाकटी म्हणाली. "तुलाही मिळेल. खा, ताई."

ताईने घास ताटात परत ठेवला.